स्टॉपवॉच चालूच होतं

मे महिना म्हणजे आमच्या जलतरण तलावावर जत्रा. सातला शिकाऊ पोरांची झुंबड, आठला आजोबा मंडळी. ही मंडळी पोहतात कमी आणि कठडा धरून राजकारण जास्त बोलतात. माझी आठ पोरं मात्र साडेपाचलाच पाण्यात असतात. जिल्हा-राज्य स्पर्धांना उतरणारी ही बॅच.

मी स्वतः सांगलीचा. कृष्णेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, आयर्विन पुलावरून उड्या मारण्याबद्दल घरी मार खाल्ला. पुढे बटरफ्लायमध्ये चार वर्षं राज्याचं सुवर्ण आणि राष्ट्रीय स्पर्धेत एक पदक, तेही रिलेतलं, म्हणजे पाव माझं. त्या पदकावर नोकरी लागली, आणि गुडघ्याने साथ सोडल्यावर शिट्टी गळ्यात आली. चॅम्पियन होता म्हणून कोच झाला, एवढा सरळ हिशोब. तो हिशोब चुकीचा असू शकतो, हे कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. एनआयएसचा, म्हणजे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा कोर्स केला, पण खरं सांगायचं तर पोरांना शिकवायचो ते अण्णांनी शिकवलेलंच.

अण्णा म्हणजे घाटावरचे आमचे मास्तर. त्यांची एक खासियत होती: बुडी. पाण्यात शिरायच्या आधी चार-पाच वेळा जोरजोरात श्वास ओढायचे-सोडायचे, छाती भात्यासारखी भरायची आणि खाली जायचं. कोण किती लांब निघतो यावर शेंगांची पैज. त्या घाटावर माझ्या वर्गातला एक मुलगा गेला. पोहण्यात माझ्यापेक्षा सरस. दिवस एप्रिलचे, पाण्याला ना वाढ ना ओढ. भोवऱ्यात सापडला, असं सगळे म्हणाले. पट्टीचा पोहणाराच बुडतो, असंही म्हणाले. आम्ही आठवडाभर नदीवर गेलो नाही, मग पुन्हा जाऊ लागलो.

तर त्या दिवशी मुख्य सराव संपला होता. शेवटची दहा मिनिटं उरली की पोरं गळ घालतात, "सर, बुडी!" पाण्याखालच्या किकचं महत्त्व मी त्यांना रंगवून सांगायचो. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये जपानच्या दाइची सुझुकीने १०० मीटर बॅकस्ट्रोकचं सुवर्ण कसं पाण्याखालच्या किकवर काढलं, वगैरे. पुढे या प्रकाराला मर्यादा घातली गेली. आता स्टार्ट किंवा टर्ननंतर १५ मीटरच्या आत डोकं वर यावंच लागतं, नाहीतर बाद. म्हणजे शर्यतीत १५ मीटरच्या पुढची बुडी कशाला लागते? कशालाच नाही. पण आमचा तलाव २५ मीटरचा आणि पोरांना दोन लांब्या एका दमात काढायच्या होत्या. मीही कधीकाळी काढल्या होत्या.

चौदा वर्षांचा एक मुलगा. अबोल, पण किक अशी की शेजारच्या लेनला लाट जावी. तो म्हणाला, "सर, टाइम लावा." मी म्हणालो, "आधी पाच-सहा मोठे श्वास घे. छाती भरून."

हे मी म्हणालो.

तो गेला. पहिली लांबी झकास. भिंतीला पाय लावून वळला. माझी नजर घड्याळावर. ही आमच्या धंद्याची खोडच आहे. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं उदाहरण पोरांना किती वेळा दिलं असेल. १९८६ नंतर भारताला आशियाई खेळांत जलतरणाचं पदक आणायला २०१० उजाडलं, ते त्याने आणलं. त्याच वीरधवलचं जकार्ताला २०१८ मध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं कांस्य ०.०१ सेकंदाने हुकलं. तर अंगठा बटणावर, डोळा आकड्यावर. बत्तीस. तेहतीस. बाकीची पोरं काठावर ओरडत होती, "निघाला, निघाला!"

वर पाहिलं तेव्हा तो पालथा होता. हात पुढे, पाय सैल. मला वाटलं ग्लाइड घेतोय, हातपाय न हलवता नुसता सरकतोय. दोन सेकंद, कदाचित तीन, मी चक्क त्याच्या ग्लाइडचं कौतुक करत उभा होतो.

तेवढ्यात माझ्या डाव्या हाताला धप्पकन आवाज झाला. आमचे जीवरक्षक काका, साठीला टेकलेले, आयुष्यात एक स्पर्धा पोहले नाहीत. प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठून, चहाचा ग्लास कुठे पडला ते न बघता, अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांनी उडी घेतली होती. मी त्यांच्या मागून. दोघांनी मिळून पोराला काठावर घेतलं. ओठ जांभळे. नाडी लागत होती, श्वास नव्हता.

"पालथं घाला, पोट दाबा!" एक आजोबा ओरडले. आमच्या घाटावर हेच केलं असतं. पण कोर्समधली तेवढी एक गोष्ट डोक्यात पक्की होती: बुडालेल्याला आधी हवा. मान मागे केली, हनुवटी उचलली, नाक चिमटीत धरलं आणि तोंडाला तोंड लावून फुंकलं. छाती वर आली. पुन्हा फुंकलं. तोंडाला क्लोरीनची चव. चौथ्या फुंकरीला तो खोकला, कुशीवर वळवला तर पाणी आणि सकाळचं दूध माझ्या मांडीवर. इतकं छान मला कुठल्याच पदकाने वाटलेलं नाही.

डोळे उघडून तो म्हणाला, "सर, पन्नास झाले?"

त्याला काहीच आठवत नव्हतं. जीव घुसमटला नाही, भीती वाटली नाही, काही नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं ते ऐकून माझे हातपाय गार पडले. श्वास घ्यावासा वाटणं हे मुख्यतः ऑक्सिजन संपला म्हणून होत नाही, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून होतं. जोरजोरात श्वास सोडून आपण तोच वायू बाहेर टाकतो. ऑक्सिजन त्याने फारसा वाढत नाही, कारण रक्त आधीच भरलेलं असतं. म्हणजे भाता मारून आपण टाकी भरत नाही, धोक्याची घंटा काढून ठेवतो. ऑक्सिजन खाली येतो आणि घंटा वाजायच्या आत माणूस झोपतो. आणि हे चांगल्या पोहणाऱ्यांच्याच बाबतीत जास्त होतं, कारण नवखा तिथवर जातच नाही.

फुप्फुसात पाणी गेलेलं असलं की त्रास उशिराही होऊ शकतो, म्हणून त्याला रात्रभर ठेवून घेतलं. त्याची आई आली, हाताला कणीक तशीच. माझा हात धरून म्हणाली, "सर, तुमच्यासमोर होता म्हणून वाचला." मी मान हलवली. खरं काय ते सांगायला मला दुसरा दिवस लागला. सांगितल्यावर ती काही बोलली नाही. जून लागल्यावर मुलाला परत पाठवलं, एवढंच.

बाहेर बाकड्यावर बसलो तेव्हा खिशात काहीतरी टोचलं. स्टॉपवॉच. ते मी थांबवलंच नव्हतं. एक तास अकरा मिनिटं आणि वर काही सेकंद.

संध्याकाळी तलावावर गेलो. काकांची एक स्लीपर अजून गटारीच्या जाळीला अडकली होती. ती काढून देताना विचारलं, "काका, तुम्हाला कसं कळलं?"

"बुडबुडे थांबले ना," ते म्हणाले. "तुम्ही घड्याळाकडं बघत होता, मी पोराकडं."

बुडीच्या पैजा त्या दिवसापासून बंद. पाण्याखालची किक शिकवतो, पण १२-१५ मीटरपर्यंत, एका वेळी एकच पोरगं, आणि तेव्हा हातात घड्याळ नसतं. आधी भाता मारताना कुणी दिसलं की त्याला त्या दिवसापुरतं पाण्याबाहेर बसवतो. पोरं वैतागतात. वैतागू देत.

रात्री अण्णांना फोन लावला. ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं. सगळं सांगितलं, डॉक्टरांचं घंटेचं गणित दोनदा सांगितलं. पलीकडे इतका वेळ शांतता की मला वाटलं फोन कट झाला.

"म्हंजे," ते म्हणाले, "ते पोरगं भवऱ्यात न्हवतंच गेलं की रं."

मी गप्प.

"छाती भरून घे म्हणून मीच सांगितलं हुतं त्याला."