डर्बीचा रविवार

वर्षभर एकमेकांच्या घोड्यांना हरवायला टपलेले मालक एका दुपारी एकाच हिरवळीवर जमत आणि एकमेकांच्या घोड्यांचं मनापासून कौतुक करत. ही दुपार इंडियन डर्बी या घोड्यांच्या शर्यतीची. जागा महालक्ष्मी, मुहूर्त फेब्रुवारीचा पहिला रविवार. गणेश मंडळाला जशी अनंत चतुर्दशी, तसा घोडेवाल्यांना हा दिवस. वर्षाचा हिशेब तिथेच मिटायचा आणि पुढच्या वर्षाची बोलणीही तिथेच सुरू व्हायची.

या मेळाव्यामागची संस्था जुनी आहे. 1802 मध्ये बॉम्बे टर्फ क्लब स्थापन झाला तेव्हा शर्यती भायखळ्याला होत. 1883 मध्ये महालक्ष्मीच्या दलदलीच्या सपाटीवर नवं रेसकोर्स उभं राहिलं. 1925 मध्ये नाव वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब झालं, 1935 मध्ये त्याला ‘रॉयल’ जोडलं गेलं. पावसाळ्यात बिऱ्हाड पुण्याला, कॅम्पातल्या रेसकोर्सवर, आणि नोव्हेंबरमध्ये परत मुंबईला. हा क्रम आजही तसाच आहे. 1 जून 1930 ला सुरू झालेली दख्खनची राणी सुरुवातीला फक्त शनिवार-रविवारी धावे, आणि तिच्या डब्यांत पुण्याच्या शर्यतींना निघालेले शौकीन मोठ्या संख्येने असत.

पहिली डर्बी 1943 ची. प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने ती जिंकली, मालक बडोद्याचे महाराज. त्या काळी मालक म्हणजे एक नाव, एक घराणं, जॉकीच्या पोशाखाचा एक रंग. बडोद्याच्याच घोड्याने, सयाजीरावने, 1947 मध्ये इंग्लंडची सेंट लेजर ही मोठी शर्यत जिंकली. त्याही आधी 1934 मध्ये राजपिपळ्याच्या महाराजांच्या विंडसर लॅडने इंग्लंडमधली एप्समची डर्बी मारली होती. संस्थानं गेली, उद्योगपती आले, मग पारशी, गुजराती, मराठी, पंजाबी डॉक्टर-वकील-व्यापारी भागीदारीत आले. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या आवारात, एका घोड्यामागे एक माणूस उभा असायचा, तिथे अख्खं कुटुंब उभं राहू लागलं. काही जुन्या लोकांना ही गर्दी खटकायची. आमच्या मते मेळाव्यात खरा जीव तिनेच ओतला.

भागीदारीचे नियम मात्र पक्के हवेत. प्रत्येकाचा हिस्सा क्लबकडे नोंदलेला असतो. जॉकी कोण, घोडा मागे कधी घ्यायचा, विकायचा कधी, हे ठरवण्याचा अधिकार एकाकडे हवा आणि तो लेखी हवा. डर्बीच्या आठवड्यात वाद पेटतो तो याच मुद्द्यांवर. घोडा खुराक रोज खातो, बिल दर महिन्याला येतं, पण बक्षीस कधीतरीच मिळतं. ज्या मित्रांनी हा हिशेब आधी समजून घेतला, त्यांची भागीदारी आणि मैत्री दोन्ही टिकली.

डर्बी 2400 मीटरची, चार वर्षांच्या घोड्यांसाठी. नरांवर 57 किलो वजन, फिलीला म्हणजे तरुण घोडीला दीड किलोची सूट. आयुष्यात एकदाच मिळणारी ही संधी. डिसेंबरात गिनीज ही मोठी शर्यत झालेली असते 1600 मीटरवर. तिथला विजेता आणखी 800 मीटर दम धरेल का, यावर जानेवारीभर तबेल्यांतून खल चाले. उत्तर बापाच्या आणि आईच्या वंशावळीत शोधायचं, आणि पहाटेच्या सरावात घोडा शेवटच्या चारशे मीटरला मान लांब करतो की वर उचलतो त्यात. मान वर गेली, म्हणजे दम संपला.

शर्यतीच्या दिवशी घोड्याचा खुराक हलका ठेवतात. सकाळी थोडे ओट्स, एरवी भरपूर मिळणारी लसूणघास जवळपास बंद, आणि शर्यतीआधी काही तास गव्हाणी रिकामी. भरल्या पोटी भरधाव धावणं धोक्याचं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला तर तो जिवावर बेततो. सरावाचे पोलादी नाल काढून नालबंद ॲल्युमिनियमचे हलके नाल ठोकतो. एक खिळा जरी नाजूक भागाजवळ गेला तरी घोडा लंगडतो, म्हणून हे काम ऐन वेळेवर ठेवत नाहीत.

पाहुण्यांना मात्र दरवर्षी एकच गोष्ट बजावून सांगावी लागे: घोड्याला हाताने काही भरवू नका. चॉकलेटमध्ये थिओब्रोमीन असतं, चहा-कॉफीत कॅफीन. ते पोटात गेलं की उत्तेजक चाचणीत सापडतं, आणि जिंकलेला घोडा अपात्र ठरतो. लाडाने दिलेला एक तुकडा डर्बी घालवू शकतो.

मेळाव्याचा सर्वांत सुंदर भाग पॅडॉकचा. स्टँडमधून शर्यत दिसते, पण घोडा दिसतो तो इथे. आधी खोगीर चढतं: पाठीवर मऊ कातड्याचा तुकडा, त्यावर क्रमांकाचं कापड, मग शिशाच्या पट्ट्यांनी वजन जुळवलेलं खोगीर. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, कसताना घोडा छाती फुगवतो; म्हणून एकदा कसून दोन फेऱ्या फिरवायचं आणि पुन्हा एक घर आवळायचं. त्यानंतर सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, पुढचा एक पाय धरून हळूच पुढे ओढतो, मग दुसरा. तंगाखाली दुमडलेली कातडी सरळ होते, चिमटा बसत नाही. हे राहिलं तर घोडा पहिल्याच वळणावर नाराजी दाखवतो, आणि तंग ढिला राहिला तर खोगीर मागे सरकून जॉकीचा तोल जातो.

जाणते लोक कठड्याला टेकून हे सगळं वाचत. कातडीवर तकाकी आहे का, मागच्या मांड्यांच्या मधे घामाचा पांढरा फेस आलाय का. थोडा घाम ठीक. पण फेस सुटला म्हणजे घोड्याने अर्धी ताकद पॅडॉकमध्येच खर्च केली. मालकांच्या घोळक्यात ट्रेनर जॉकीला दोनच वाक्यं सांगतो. जास्त सांगून उपयोग नसतो, कारण गेट उघडलं की पहिल्या दोनशे मीटरमध्ये बेत बदलतो.

अडीच मिनिटांत सगळं आटोपतं. त्यानंतर येतो घोडा आत आणण्याचा क्षण, ज्यासाठी मालक वर्षभर पैसे ओततो. एका बाजूला सईस, दुसऱ्या बाजूला दोरी धरलेला मालक. घोड्याचं हृदय अजून मिनिटाला दोनशेच्या आसपास धडधडत असतं, अंग वाफाळलेलं, वजन साडेचारशे-पाचशे किलो. जुने सईस घरच्या मंडळींना आदबीने पण ठामपणे सांगत: “साहेब, खांद्याजवळ राहा. ताई, पदर आवरा. मागे कुणी जाऊ नका, छत्री उघडू नका.” फडफडणाऱ्या पदराने किंवा कॅमेऱ्याच्या झोताने घोडा उसळतो आणि खूर हमखास कुणाच्यातरी पायावर पडतो. फोटो होईतो जॉकी खोगीर घेऊन काट्यावर जातो. वजन कमी भरलं तर निकाल फिरतो, म्हणून अनुभवी मालक काटा पार पडल्यावरच पेढे उघडत.

या दिवसाच्या वाट्याला कठीण काळही आला. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, हा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिला. तरी 2017 मध्ये पैजेच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी बसला आणि 2025 मध्ये तो 40 टक्के झाला. बक्षिसाचा पैसा टोटच्या, म्हणजे क्लबच्या पैज खिडक्यांच्या, उलाढालीतून येतो. उलाढाल आटली की बक्षीस आटतं, बक्षीस आटलं की लहान मालक आधी बाहेर पडतो. कोविडच्या काळात याच मैदानावर रुग्णांसाठी जंबो केंद्र उभं राहिलं. 2024 मध्ये 120 एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी द्यायचं ठरलं, 91 एकर क्लबकडे राहिली.

निवृत्त घोड्यांचं काय, हा प्रश्नही मालकांच्या बैठकांत नेहमी निघे. पुण्याच्या पूनावाला स्टडचे, म्हणजे घोडेपैदास केंद्राचे, जुने घोडे लशीसाठी लागणारा रक्तद्रव (सीरम) काढायला मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात. त्यातूनच 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, ही गोष्ट घोडेवाले अभिमानाने सांगतात. आज अनेक घोडे रायडिंग स्कूलमध्ये जातात. त्याची तजवीज घोडा विकत घेतानाच करावी.

रविवारी रात्री पार्ट्या रंगत, पण ट्रेनरचं लक्ष सोमवारच्या पहाटेवर असे. पुढच्या पायांच्या नळीमागून अंगठा फिरवून कंडरेत ऊब आहे का पाहायचं, मग कठीण जमिनीवर सरळ रेषेत दुडकीने चालवायचं. घोड्याने डोकं खाली-वर केलं तर पाय दुखतोय. कोंड्याचं गरम मॅश त्याने संपवलं असेल आणि दुडकी समान पडत असेल, तरच इन्व्हिटेशन कप या पुढच्या मोठ्या शर्यतीचा विचार करायचा. नाहीतर त्याला जुलैत पुण्याचं मैदान सुरू होईपर्यंत विश्रांती द्यायची.