तुम्ही विचारलंत म्हणून: रस्सा बंद करू का?

रंकाळ्यावर सकाळी फिरायला गेलं की कोणीतरी गाठतंच. "मॅडम, तुम्ही बायोकेमिस्ट्री शिकवायचात न्हवं? कोलेस्टेरॉल म्हणजे कॅन्सरचं इंधन म्हणे. मंडळींचं स्तनाचं ऑपरेशन झालंय. तूप, अंडी, मटण, सगळं बंद केलंय. बरोबर केलं ना?" माणसं बदलतात, प्रश्न तोच. गेल्या महिन्यात तो आमच्याच घरात आला. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे अक्कांनी, स्तनाच्या कॅन्सरची केमो संपून तीन महिने झालेल्या, पांढऱ्या रश्श्याची वाटी परत सरकवली. "नगं बाई. गाठीला खायला घातल्यागत हुईल."

गाठीला कोलेस्टेरॉल लागतं हे खरं. पण 'इंधन' हा शब्द चुकीचा. साखर जळते, चरबी जळते. कोलेस्टेरॉलच्या सांगाड्यातल्या चार कड्या जाळून ऊर्जा काढायची सोय आपल्या शरीरात नाहीच. ते सरपण नव्हे, वीट आहे. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आवरण दुप्पट लागतं, आणि आपल्या पेशींचं आवरण कोलेस्टेरॉलशिवाय धड राहत नाही. ज्या पेशी थांबायचंच विसरल्या, त्यांचं बांधकाम कायम चालू.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तात ते प्रथिनाच्या वेष्टणातल्या बारीक गोळ्यांतून फिरतं. रिपोर्टमधलं एलडीएल ते हेच. ते ओळखणारे रिसेप्टर पेशीच्या अंगावर असतात. गोळी चिकटली की तेवढा भाग आत ओढला जातो, गोळी फुटते, माल मोकळा होतो आणि रिसेप्टर पुन्हा दारात हजर. हे ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी उलगडलं. १९८५चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. निरोगी पेशीचं पोट भरलं की ती नवे रिसेप्टर बनवणं कमी करते, पंगतीत पानावर आडवा हात धरावा तशी. वर्गात हे शिकवताना मला दर वर्षी मजा यायची. कॅन्सरच्या पेशीत वाढीच्या संदेशांचा रेटा एवढा असतो की तो हात बाजूला होतो. स्तनाच्या काही गाठींत, विशेषतः हर-२ (हे वाढीचं प्रथिन जास्त असलेल्या) आणि ट्रिपल निगेटिव्ह (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, हर-२ हे तिन्ही रिसेप्टर नसलेल्या) प्रकारांत, हे रिसेप्टर जास्त सापडतात. जास्तीचा माल त्या पेशी फॅटी ॲसिड जोडून थेंबाथेंबाने साठवतात. कोठीघरच की.

मग ताटातलं बंद केलं की गाठ उपाशी? तसं होत नाही. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, त्यात यकृत पुढे. ताटातून कमी आलं तर ते आणखी बनवतं. गाठीतल्या पेशींनाही ते बनवता येतं. उपाशी राहते ती बाई, तीही अंगात ताकद भरून यायच्या दिवसांत.

तरी अक्कांना "काही संबंध नाही" म्हणून मला मोकळं होता येईना. त्यांची गाठ ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेनच्या इशाऱ्यावर वाढणारी. कोलेस्टेरॉलपासून शरीरात बनणारं २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल इस्ट्रोजेनची नक्कल करतं आणि उंदरांत गाठी वाढवतं, हे २०१३मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या मॅक्डॉनेल यांच्या गटाने दाखवलं. अक्का रोज लेट्रोझोल घेतात. ती गोळी इस्ट्रोजेन बनू देत नाही, पण या तोतयाला अडवत नाही. म्हणून रक्तातलं कोलेस्टेरॉल आटोक्यात हवं, हे मला पटतं.

"मग कोलेस्टेरॉल उतरवायची गोळीच चालू करू?" हेही विचारतात. डेन्मार्कमध्ये १८ हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या (२०११), तेव्हा सिम्व्हास्टॅटिन ही तसली गोळी घेणाऱ्यांत आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. पण ती जुन्या नोंदींची तुलना. चिठ्ठ्या टाकून दोन गट करून घेतलेली चाचणी नव्हे. डॉक्टरांनी हृदयासाठी दिली असेल तर घ्या. मेडिकलमधून मनाने आणू नका.

अक्कांना मी यातलं निम्मंसुद्धा सांगितलं नाही. त्यांनीच पेचात पकडलं, "रश्श्यात नारळाचं दूध. नारळात कुठलं आलंय कोलेस्टेरॉल?" नाहीच. वनस्पतीत ते नावालाच. पण नारळातली चरबी अशी की तिने रक्तातलं एलडीएल वाढतं. "म्हणजे वाटी एकच घ्यायची, तीन नव्हं," म्हटलं. सोमवारी त्यांची लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल-चरबीची तपासणी आहे. रविवारी रात्री आठनंतर उपाशी राहायचं सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग दुपारचं मटण चालतंय न्हवं?"