कुळदेवाला आलात की एक दिवस जास्त थांबा – आमची वाटचाल

गोव्यात फोंडा तालुक्यात सावई वेऱ्याच्या बाजूला आमचं कुळागर आहे, सुपारी, माड, केळी, मिरी, जायफळ सगळं एकमेकांच्या सावलीत, आणि त्याला लागूनच जुनं कौलारू घर. 2012 ला घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी तयार केल्या तेव्हा नजरेसमोर कुळदेवाच्या दर्शनाला येणारे लोकच होते. कोल्हापूर, बेळगाव, मुंबई, पुणे कुठून कुठून यायचे, सकाळी अभिषेक, दुपारी महाप्रसाद की लगेच गाडी कळंगुटला नाहीतर घाटाला. फोंडा बघितलाच नाही कुणी! मला ते फार लागायचं, कारण आमचा भाग म्हणजे नुसती वाटेवरची रात्र काढायची जागा नाही.

मग आम्ही पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली की तुमचा देव इथे आला कसा. मंगेश मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आताची कुठ्ठाळी, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची. पोर्तुगीजांनी तिकडची देवळं पाडायला घेतली तेव्हा 1560 च्या सुमारास लोक देव घेऊन नदीपलीकडे आले, कारण फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता. हे ऐकलं की माणूस आपल्या एका देवळात थांबत नाही, त्याला सगळंच बघायचं असतं. बांदोड्याचा नागेश मात्र मूळच्याच जागी आहे, तिथे 1413 चा शिलालेख आहे, तो दाखवल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही. आणि फोंड्याची साफा मशीद पण, ती पण 1560 चीच, तिची तळी किती देखणी आहे ते जाऊनच बघा.

यातूनच आमचा धंदा उभा राहिला. एका रात्रीचं बुकिंग दोन रात्रींचं झालं, मग तीन.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी माझा आवडता दिवस म्हणजे नार्वे गावचा. सप्तकोटेश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये परत बांधायला लावलं, दारावर तसा लेख आहे, तो वाचताना आजोबा लोकांचे डोळे भरून येताना मी बघितलेत. तिथून फेरीबोटीत गाडी घालायची आणि दिवाडी बेटावर उतरायचं, देवाचं मूळ ठिकाण दिवाडीच, मग दुसऱ्या फेरीने जुनं गोवें आणि संध्याकाळी परत फोंडा. तांबडी सुर्ल्याला वेगळा दिवस द्या. मोलेच्या जंगलातलं कदंब राजांच्या काळातलं महादेवाचं देऊळ, काळ्या बेसॉल्टचं, लहानसंच पण कोरीवकाम बघत राहावं असं. मोबाईलला रेंज मिळेलच असं धरू नका, पाणी सोबत ठेवा.

आता खाण्याचं. आम्ही नाश्ता आणि रात्रीचं जेवण देतो, दुपारचं मुद्दाम देत नाही. पाहुण्याने बाहेर गावात जेवावं, चार पैसे खानावळीवाल्याला पण मिळावेत, हे आम्ही पहिल्यापासून ठरवलेलं आहे आणि त्याच्यावर ठाम आहोत. सकाळी फोंड्याला लवकर निघालात तर आमच्या नाश्त्यासाठी थांबू नका, भाजी-पाव खा, पातळभाजी आणि सुकी भाजी मिक्स करून, सोबत गरम बन आणि चहा. दुपारी रस्त्यावरची कुठलीही साधी खानावळ जिथे गावचे लोक बसलेत, उकड्या तांदळाचा भात, हुमण म्हणजे माशांचं कालवण, सुक्या सुंगटांची म्हणजे सुक्या कोळंबीची किसमूर, तळलेलं नुस्तं म्हणजे मासे, सोलकढी. सोमवारी बऱ्याच घरात शिंवराक म्हणजे शाकाहारी जेवण असतं, तेव्हा नुस्त्यासाठी हट्ट नको, त्या दिवशी खतखतं, म्हणजे आमची मिसळीची भाजी, मिळालं तर सोडू नका, त्यातल्या तेफळाचा वास दिवसभर हाताला राहतो. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात त्यामुळे ताजं नुस्तं कमी आणि महाग. पण पावसातच तर वारुळावरची अळमी म्हणजे अळंबी येतात, तायकिळ्याची म्हणजे टाकळ्याची भाजी येते, मला विचाराल तर खाण्याचा खरा सीझन तोच!

2020 मध्ये सगळं बंद होतं तेव्हा कुळागराने तारलं, सुपारी आणि मिरी होती म्हणून कामाची माणसं काढावी लागली नाहीत. त्याच काळात बाबांनी बागेतली पायवाट नीट केली आणि आता रोज सकाळी तेच पाहुण्यांना फिरवतात, जायफळ फोडून आतली लाल जायपत्री दाखवली की शहरातली पोरं ती हातातून खाली ठेवत नाहीत. बागेत पाण्याचा पाट कसा फिरवतात ते पण दाखवतात, घाई करू नका त्यांना.

यंदा गोठ्याच्या बाजूला चौथी खोली तयार होतेय, वयस्कर लोकांना पायऱ्या नकोत म्हणून ती एकदम जमिनीलगत ठेवलीय. श्रावणात येणार असाल तर दोन दिवस आधी फोन करा, पातोळ्यांसाठी तांदूळ भिजवावे लागतात, हळदीची पानं मात्र दारातच आहेत.