तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिकला केंद्र नव्हतं, मग ऐकायचात काय?

सत्तरच्या दशकात नाशिकला आकाशवाणीचं केंद्र नव्हतं, मग तुम्ही ऐकायचात तरी काय, असं मला तरुण मंडळी हमखास विचारतात. मुंबई, पुणे, विविध भारती आणि सिलोन, म्हणजे श्रीलंकेचं रेडिओ केंद्र, हे झालं उत्तर. पण मला खरं बोलायचंय ते ऐकणाऱ्यांबद्दल, कारण त्या दहा वर्षांत ऐकणारी माणसंच बदलली.

आधी रेडिओ म्हणजे वाड्याच्या दिवाणखान्यातलं जड खोकं. व्हॉल्व्ह तापल्यावर आवाज यायचा, भिंतीवर एरियलची जाळी ताणलेली असायची आणि बटण फिरवायचा हक्क घरातल्या वडीलधाऱ्यांचा. दरवर्षी पोस्टात लायसन्सची फी भरायची. लांबची मीडियम वेव्ह केंद्रं दिवसा खरखरायची. सूर्य मावळला की वरच्या हवेतला लहरी गिळणारा थर विरतो आणि तीच केंद्रं जोरात लागतात, म्हणून घराचा कान रात्रीच जास्त उघडा.

ट्रान्झिस्टर, म्हणजे सेलवर चालणारा छोटा रेडिओ, दुकानांत आधीपासून होता, पण साध्या माणसाच्या हातात पडला तो सत्तरीत. चामड्याच्या कव्हरातला तो सायकलच्या हँडलला लटकला, स्वयंपाकघरात गेला, निफाडच्या मळ्यात गेला, सातपूरच्या कामगाराबरोबर पाळीवर गेला. आकाशवाणीने श्रोते वेळेनुसार वाटून टाकले होते. बायकांना वनिता मंडळ, कामगारांना कामगार सभा, जवानांना जयमाला, शिवाय शेतकऱ्यांचे वेगळे कार्यक्रम. ही वाटणी आमच्या आळीत कुणी मानलीच नाही! जयमाला देवळालीच्या छावणीत ऐकली जायची, तशीच पंचवटीत भांडी घासता घासताही. कामगार सभेतली गाणी शाळकरी पोरांना पाठ. आमच्या आजीचा शेतीशी काही संबंध उरला नव्हता, तरी ती पिकांवरच्या औषधांची माहिती मन लावून ऐकायची आणि गावाहून आलेल्या भावाला बजावून सांगायची. ज्याने त्याने हवं ते ऐकलं, मला त्या काळातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

काटा हलवायची सवय मात्र जुनी. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीने सिनेसंगीत जवळपास बंद केलं, तेव्हा लोक सिलोनकडे गेले. त्यांना परत आणायला १९५७ साली विविध भारती काढावी लागली. १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूरला तिच्यावर जाहिरातीही आल्या. पुढे आणीबाणीत, १९७६ साली, किशोरकुमारचा आवाज आकाशवाणीवरून गायब झाला. तेव्हा काटा पुन्हा सिलोनकडे वळला आणि बातम्यांसाठी बीबीसीच्या हिंदी सेवेकडे. ज्याच्या हातात स्वतःचा संच आहे त्याला हे कुणाला विचारून करावं लागत नाही.

मग टीव्हीने रेडिओ संपवला का, हा पुढचा प्रश्न. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला दूरदर्शन सुरू झालं खरं, पण त्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि मध्ये सह्याद्री उभा. नाशिकला ते चित्र सहजी दिसणारं नव्हतं. ट्रान्झिस्टर मात्र गोदाकाठच्या भाजीवाल्याकडेसुद्धा होता.