खात्याचे वार आणि कामाचे वार

साथीनंतर आमच्या ऑफिसने ऐरोलीतला एक मजला सोडला. टेबलं कमी पडायला लागली, तसे ॲडमिनने ऑफिसला यायचे वार वाटून दिले, बाकीचे दिवस घरून काम. टेकला सोमवार-मंगळवार, अकाउंट्सला बुधवार-गुरुवार, सेल्सने शुक्रवारी तोंड दाखवायचं. एक्सेलमधला तो तक्ता रंगीबेरंगी आणि दिसायला झकास होता. पण झालं काय, की दिवसभर चॅटवर एकमेकांशी बोलणारेच लोक ऑफिसातही शेजारी शेजारी बसायला लागले आणि ज्यांचं एकमेकांवाचून अडतं त्यांची गाठच पडेना.

मी प्रॉडक्टमध्ये आहे. औषधांच्या स्टॉकिस्टसाठी, म्हणजे केमिस्टना माल पुरवणाऱ्या घाऊक विक्रेत्यांसाठी, आम्ही ऑर्डर आणि बिलिंगचं ॲप बनवतो. डेव्हलपर, टेस्टर, अकाउंट्स, सेल्स, सपोर्ट या सगळ्यांची मोट बांधणं हे माझं काम. हुकूम कुणालाच सोडता येत नाही, विनवण्या मात्र सगळ्यांच्या करता येतात.

आमचं घोडं अडलं एक्स्पायरी रिटर्नवर. मुदत संपलेला माल केमिस्ट स्टॉकिस्टला परत देतो, त्याला क्रेडिट नोट मिळते, स्टॉकिस्ट पुढे कंपनीकडे क्लेम लावतो. ॲपमध्ये बॅच नंबर भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं, म्हणून मुंबईच्या औषधबाजारातली, प्रिन्सेस स्ट्रीटवरची मंडळी सरळ चार शून्यं टाकून मोकळी व्हायची. क्लेम परत यायचे. अकाउंट्स म्हणे डेटा कचरा आहे, डेव्हलपर म्हणे तुम्हीच बॅच सक्तीची करायला सांगितलीत, टेस्टर म्हणे माझ्याकडे सगळं पास आहे. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर, आणि चॅटवर नुसती टोलवाटोलवी.

एका मंगळवारी सेल्समधली एक मुलगी, तिचा वार नसताना, दुकानातून आलेल्या परतीच्या मालाचा खोका घेऊन आली. टेबल तिच्या नावावर नव्हतं, म्हणून कॅन्टीनमध्ये बसलो. तिने रबरबँड काढून स्ट्रिपा पसरल्या. निम्म्या कापलेल्या. सुट्या चार गोळ्या देताना दुकानदार ज्या टोकाने कापतो, त्याच टोकाला बऱ्याचदा बॅच असते. डेव्हलपरने एक स्ट्रिप उचलली, तिच्यावर बॅच होती, पण शाई नव्हती. कडेला नुसते ठसे उमटवलेले. त्याने ती खिडकीकडे तिरकी धरली, तेव्हा कुठे आकडे दिसले. मोबाइलच्या कॅमेऱ्याने स्कॅन करण्याची त्याची योजना तिथल्या तिथे बारगळली.

मग टेस्टरने विचारलं, या दुकानाला कोणत्या बॅच विकल्या ते आपल्या बिलांमध्ये आहेच ना? मग तीच यादी का दाखवत नाही? व्हिडिओ कॉलवर वसईहून अकाउंट्सच्या मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, एकच बॅच गेली असेल तर ठीक, तीन गेल्या असतील तर अंदाजाने निवडू नका, असा माल वेगळ्या यादीत टाका. कितीतरी दिवस लोंबकळणारी गोष्ट चहा संपेपर्यंत सुटली.

त्यातही एक गंमत. लॅपटॉपचा कॅमेरा आमच्या तोंडाकडे आणि स्ट्रिपा टेबलावर, त्यामुळे मॅडमना काहीच दिसत नव्हतं. टेस्टर एकेक स्ट्रिप कॅमेऱ्यासमोर धरत होता म्हणून निभावलं. तेव्हापासून आमच्याकडे ज्या मीटिंगला एक जण जरी बाहेरून असेल, तिथे वस्तूचे फोटो आधी ग्रुपवर जातात आणि बाहेरचा माणूस पहिला बोलतो. निर्णय एकाच शीटमध्ये, कुणाच्या नावावर ते लिहून. मीटिंग संपल्यावर लिफ्टपाशी जे ठरतं तेही तिथे लिहायचं, कारण खरं बरंचसं लिफ्टपाशीच ठरतं.

यामागे आमच्या ऑफिसपुरतं काही नाही. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या सुमारे 61 हजार कर्मचाऱ्यांचा 2020च्या पहिल्या सहामाहीचा अभ्यास 2021मध्ये छापून आला. सगळे घरून काम करायला लागल्यावर लोकांचा संपर्क आपापल्या गटात घट्ट झाला आणि गटागटांमधले दुवे कमी झाले, असं त्यात दिसलं. उलट, ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत 1,612 जणांवर केलेला प्रयोग 2024मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं, कामात घट दिसली नाही. फायदा विशेषकरून बायकांना आणि लांबून येणाऱ्यांना झाला. बदलापूरहून ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बरची लोकल पकडणाऱ्या आमच्या टेस्टरला हे कुणी शिकवायला नको. मला त्यातला वेगळाच तपशील महत्त्वाचा वाटतो: घरून कामाचे वार सगळ्यांचे तेच होते, बुधवार आणि शुक्रवार. म्हणजे उरलेल्या दिवशी सगळे समोर.

हे छापील कागद घेऊन मी ॲडमिनकडे गेले. भांडून एवढं पदरात पडलं, की मंगळवार हा कामाचा वार. ज्या फीचरवर जे लोक आहेत, ते कोणत्याही खात्याचे असोत, त्या दिवशी एकत्र बसतात. वेळ अकरा ते चार, म्हणजे सकाळची फास्ट आणि संध्याकाळची चेंगराचेंगरी टळते. पाऊस जोरात असेल तर वार पुढे ढकलायचा, त्यावर चर्चा नाही.

वर्षातून एकदा कर्जतच्या रिसॉर्टला नेऊन रस्सीखेच खेळवण्याचा कार्यक्रमही आहे. जेवण चांगलं असतं. पण दोर ओढताना शेजारच्याच्या कामातली अडचण कळत नाही.

सपोर्टवाल्यांना मात्र हायब्रिड, म्हणजे काही दिवस घरून काम, नाहीच, ते रोज येतात. ग्राहकाच्या शिव्या पहिल्यांदा तेच खातात, तरी मंगळवारच्या टेबलाशी त्यांना बोलवावं हे खूप उशिरा कुणाच्या तरी डोक्यात आलं. आता त्यांच्यातला एक जण फोनवरून सुटी घेऊन तासभर येतो आणि त्याच्याच तक्रारींपासून सुरुवात होते.

खरी गाठ अजून सुटलेली नाही. अप्रेजल, म्हणजे कामाचं मूल्यमापन, अजूनही खातेप्रमुखच करतात. डेव्हलपरने मंगळवारचा अर्धा दिवस अकाउंट्सची अडचण समजून घेण्यात घालवला, तर त्याच्या साहेबांच्या लेखी तो वाया गेलेला वेळ. दोन खात्यांनी मिळून केलेल्या कामाला दोन्हीकडे गुण मिळावेत, असा प्रस्ताव एचआरकडे दिलाय. पुढच्या सायकलमध्ये बघू, असं उत्तर आलंय. मार्चआधी पुन्हा त्यांच्या मागे लागणार आहे.