आज दार बदललं

चिपळूणच्या घराचं पुढचं दार आज उतरवलं. आजोबांनी बसवलेलं, फणसाचं. खालची फळी वाळवीने पोखरली होती आणि चौकटीचा डावा पाय नुसता बोटाने दाबला तरी भुगा पडायचा. मी अख्खी चौकटच काढायला निघालो होतो. सुतारकाका म्हणाले, "वरचं लाकूड खणखणीत आहे, कशाला मोडता?" त्यांनी कुजलेला दीड फूट कापला आणि तिरका सांधा घेऊन सागाचा तुकडा असा बसवला की हात फिरवला तरी कळत नाही. लाकडाचं कापलेलं तोंड ओलाव्याला टेकलं की पाणी शोषतं, कुजणं तिथूनच सुरू होतं. म्हणून तुकड्याच्या तळाला आधी वाळवीचं औषध, मग रंगाचे दोन हात.

नवं दार सागाचं. पावसात फुगेल म्हणून कडेने ३ मिलिमीटर फट सोडली आहे.

उंबरठा मात्र बदलू दिला नाही. मधोमध झिजून खोलगट झालाय, आई रोज त्यावर हळदकुंकू वाहते. जुनी पितळी कडी चिंचेने घासून नव्या दाराला लावली. संध्याकाळी आईने ती दोनदा वाजवून बघितली. आवाज तोच आला.