गेटवरचं रिंगिंग: रेझिस्टरला हात लावण्याआधी लूप बघा

मॉसफेट म्हणजे व्होल्टेजने चालू-बंद होणारा स्विच; गेट हा त्याचा चालवणारा पाय, करंट वाहतो तो ड्रेन आणि सोर्समधून. त्याच्या गेटला १२ व्होल्टची पल्स दिली, स्कोपवर ती १८ पर्यंत उसळली आणि चार-पाच वेळा थरथरून (हेच रिंगिंग) मग स्थिरावली, की पहिला हात गेट रेझिस्टरकडे जातो. त्याआधी प्रोबकडे बघा. प्रोबची क्लिपवाली १५ सेंटीमीटरची ग्राउंड वायर म्हणजे जवळपास १५० नॅनोहेन्री. प्रोबच्या १० पिकोफॅरडबरोबर ती स्वतःच १३० मेगाहर्ट्झच्या आसपास वाजते, शिवाय शेजारच्या पॉवर लूपचं (लोडचा मोठा करंट फिरतो ती वाट) चुंबकीय क्षेत्र पकडते ते वेगळंच. क्लिप काढून टाका, प्रोबच्या टोकावर ग्राउंड स्प्रिंग चढवा आणि मॉसफेटच्या गेट-सोर्स पायांवर, अगदी बॉडीला लागून मोजा. पुष्कळदा अर्धी उसळी इथेच नाहीशी होते. (हे फक्त लो-साइडला, म्हणजे सोर्स ग्राउंडला असलेल्या मॉसफेटला. हाय-साइडला, म्हणजे सोर्स स्विचिंग नोडला (व्होल्टेज सतत वर-खाली होणाऱ्या जोडाला) असलेल्या मॉसफेटला, डिफरन्शियल प्रोबच हवा. साध्या प्रोबची ग्राउंड अर्थला जोडलेली असते, ती स्विचिंग नोडला लागली तर सरळ शॉर्ट.)

आता उरलं ते खरं रिंगिंग. ड्रायव्हरपासून (गेटला पल्स देणारी आयसी) गेटपर्यंत आणि सोर्सवरून परत ड्रायव्हरपर्यंत जो लूप होतो त्याचं इंडक्टन्स, आणि मॉसफेटचं इनपुट कपॅसिटन्स, यांची ती जोडी. आयआरएफ५४०एन घ्या: डेटाशीटमध्ये इनपुट कपॅसिटन्स १९६० पिकोफॅरड. बाहेरचा रेझिस्टर शून्य ओहम ठेवून, ड्रेनची सप्लाय बंद करून पल्स द्या. रिंगिंगच्या दोन शिखरांमधलं अंतर ४० नॅनोसेकंद, म्हणजे २५ मेगाहर्ट्झ आलं, तर लूप साधारण २० नॅनोहेन्रीचा आहे. ड्रेनचा व्होल्टेज बदलला की कपॅसिटन्सही बदलतं, म्हणून हा आकडा अंदाजाचाच. पण सुरुवातीला तेवढा पुरतो.

थरथर पूर्ण थांबवायला लागणारा एकूण रोध म्हणजे, इंडक्टन्सला कपॅसिटन्सने भागून त्याचं वर्गमूळ, गुणिले दोन. इथे तो ६.४ ओहम येतो. यात ड्रायव्हरचा आतला रोध आणि मॉसफेटचा आतला गेट रोध आधीच धरलेला आहे. ते दोन्ही मिळून समजा ३.५ ओहम झाले, तर बाहेर ३.३ पुरे. किंचित उसळी चालत असेल तर त्याहूनही कमी.

पण लूप २० वरून ५ नॅनोहेन्रीवर आणला, तर लागणारा रोध निम्मा होतो आणि स्विचिंगचा वेग हातात राहतो. म्हणून माझा आग्रह लेआउटचा. ट्रॅकच्या दर मिलिमीटरला सुमारे १ नॅनोहेन्री धरा. ड्रायव्हर गेटला चिकटवा. परतीचा ट्रॅक गेटच्या ट्रॅकच्या बरोबर खालच्या थरातून न्या आणि तो सोर्सच्या पायालाच जोडा, पॉवर ग्राउंडच्या वाटेत कुठेतरी नव्हे. सोर्सचा ५ नॅनोहेन्री भाग गेट आणि पॉवर अशा दोन्ही लूपमध्ये सामाईक राहिला आणि करंट नॅनोसेकंदाला १ अँपिअरने बदलला, तर तिथेच ५ व्होल्ट उभे राहतात. चार पायांच्या टीओ-२४७ मध्ये वेगळा केल्व्हिन सोर्स (फक्त ड्रायव्हरच्या परतीसाठीचा सोर्स पाय) दिलेला असतो तो याचसाठी. ड्रायव्हरच्या सप्लाय पिनांवर १ मायक्रोफॅरडचा एक्स७आर सिरॅमिक कपॅसिटर अगदी लगत हवा, कारण गेटचा करंट त्याच्यातूनही फिरतो.

सरळ १० ओहम टाकून मोकळं व्हायला काय हरकत? हाफ-ब्रिजमध्ये (एकावर एक जोडलेले, आळीपाळीने चालणारे दोन मॉसफेट) बंद असलेल्या मॉसफेटच्या ड्रेनचा व्होल्टेज नॅनोसेकंदाला ५ व्होल्टने चढला, तर ४० पिकोफॅरडच्या मिलर (गेट-ड्रेनमधल्या) कपॅसिटन्समधून ०.२ अँपिअर गेटकडे येतो. त्या १० ओहमवर २ व्होल्ट पडतात, आणि या मॉसफेटचा थ्रेशोल्ड, म्हणजे चालू व्हायला लागणारा गेटचा व्होल्टेज, २ ते ४ व्होल्ट आहे. म्हणजे रिंगिंग गेलं, पण दोन्ही मॉसफेट एकदम चालू व्हायची भीती आली. चालू आणि बंद करायच्या वाटा वेगळ्या करा: १० ओहमला समांतर, २.२ ओहम आणि १एन५८१९ शॉट्की सिरीजमध्ये, डायोडचा कॅथोड ड्रायव्हरकडे. १एन४१४८ इथे कमी पडतो. एवढ्या करंटला त्याच्यावरच व्होल्टभर पडतो.

रेझिस्टर वायरवाउंड नको, त्याचं स्वतःचं इंडक्टन्स असतं. त्याची वॉटेजही बघा: गेटचा चार्ज ७१ नॅनोकूलंब, १२ व्होल्ट, १०० किलोहर्ट्झला गेट चालवायला ०.०८५ वॉट लागतात, आणि त्यातला बराचसा याच रेझिस्टरमध्ये जळू शकतो. ०६०३ साइझ काठावर येते, १२०६ घ्या.

मॉसफेट समांतर जोडले असतील तर प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर. एकाच रेझिस्टरवर सगळे टांगले तर ते आपसात फार वरच्या फ्रिक्वेन्सीला वाजतात. तिथे प्रत्येक गेटला फेराइट बीडही कामी येतो, मात्र रेझिस्टरच्या जोडीने. खालच्या फ्रिक्वेन्सीला बीड म्हणजे वाढीव इंडक्टन्सच.

गेट-सोर्समधला १० किलोओहम रिंगिंगला काही करत नाही. ड्रायव्हरला सप्लाय नसताना गेट बंद ठेवणं एवढंच त्याचं काम. १८ व्होल्टचा झेनर शिखर कापतो, पण गेटची २० व्होल्टची मर्यादा सांभाळणारा तो शेवटचा पहारेकरी आहे. तो प्रत्येक सायकलला कापत असेल तर लेआउट परत उघडा.